लिफ्ट केल्यावर ट्रक सरळ का चालत नाही? स्टेअरिंग आणि अलाइनमेंट दुरुस्तीचा क्रम

ट्रकला ७५ मिमीची लिफ्ट (गाडीची उंची वाढवणारं किट) बसवली आणि पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर काढला. ताशी ७० किमीच्या पुढे स्टेअरिंग हातात असूनही नसल्यासारखं वाटायला लागलं. रस्ता सरळ, पण मला सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहावं लागत होतं. स्टेअरिंगचं चाक तिरकं बसलेलं, आणि पुलाच्या सांध्यावरून गेलं की पुढची चाकं नाचायची. मी काय केलं? लागोपाठ तीनदा अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली. फरक पडेना म्हणून नवा स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा) बसवला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी थरथर परत हजर.

शेवटी एकाला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः गाडीखाली पाठीवर आडवा झालो. त्याने स्टेअरिंग इकडेतिकडे हलवलं तसा पॅनहार्ड रॉडचा (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी) चेसिसकडचा बोल्ट भोकात सरकताना स्पष्ट दिसला. भोक लांबट झालं होतं. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी शांत उभी असते, त्यामुळे त्या तीन फेऱ्यांत हे कुणाला दिसणंच शक्य नव्हतं.

म्हणून हा लेख. यातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी सैल झालेलं शोधायचं, मग लिफ्टमुळे बिघडलेले कोन सुधारायचे, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. मी नेमका उलट गेलो होतो.

## आधी समजून घ्या: लिफ्टने बिघडतं काय?

ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या सगळ्या दांड्या एका टोकाला बोल्टने अडकलेल्या असतात. चेसिस वर उचलली की दांडी सरळ खाली उतरत नाही, ती त्या बोल्टभोवती गोल फिरते. लिफ्टनंतरची बहुतेक दुखणी या एका गोष्टीतून येतात.

पॅनहार्ड रॉड घ्या. समजा तो ८५० मिमी लांब आहे आणि मूळ उंचीवर त्याचं ॲक्सलकडचं टोक चेसिसकडच्या टोकापेक्षा ८० मिमी खाली होतं. तेव्हा त्याची आडवी लांबी साधारण ८४६ मिमी भरते. ७५ मिमी लिफ्टनंतर तो उतार १५५ मिमी होतो आणि आडवी लांबी ८३६ मिमीच्या आसपास येते. हे १० मिमी ॲक्सलने भरून काढलेले असतात. रॉड चेसिसला ज्या बाजूला अडकवलाय त्या बाजूला सबंध ॲक्सल तेवढा सरकलेला असतो.

कॅस्टरचंही तसंच. वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होतात ती कॅस्टरमुळे. नकलचा (चाक ज्याच्यासोबत वळतं तो भाग) वरचा सांधा खालच्यापेक्षा थोडा मागे कललेला असतो, तो कोन म्हणजे कॅस्टर. ॲक्सलपासून मागे जाणारा रेडियस आर्म ९०० मिमीचा असेल तर ७५ मिमी लिफ्टमध्ये तो पावणेपाच अंशांच्या आसपास फिरतो. ॲक्सल त्याला घट्ट बांधलेला, त्यामुळे कॅस्टरही जवळजवळ तेवढाच कमी होतो. मूळ कॅस्टर चार-पाच अंश असेल तर हाती काही उरलंच नाही. गाडी रस्त्यावर तरंगते म्हणतात ती यामुळे. वरच्या आणि खालच्या वेगळ्या दांड्या असलेल्या मांडणीत हा बदल कमी असतो, पण असतो.

## साहित्य आणि कागद

- दोन दणकट जॅक स्टँड, चाकांना लावायला ओट. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. लिफ्ट केलेला ट्रक उंच असतो, जॅकही पूर्ण ताणलेला असतो, तो कधी कलंडेल सांगता येत नाही.
- टॉर्क पाना, मोठे सॉकेट, लांब पहार, हातोडा
- टाय रॉड एंड (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांडीचं टोक) काढायचा पुलर आणि पिटमन आर्मचा (स्टेअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर बसणारा हात) पुलर
- डिजिटल कोनमापक
- दोन टेप, दोरी, खडू, ओळंबा
- सरळ अॅल्युमिनियमच्या दोन चौकोनी नळ्या, प्रत्येकी मीटरभर
- गंज सोडवायचं तेल, नव्या स्प्लिट पिना
- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल (टॉर्कचे आकडे आणि अलाइनमेंटची मापं त्यात असतात), लिफ्ट किटची सूचनापत्रिका, आणि लिफ्टच्या आधीची अलाइनमेंटची छापील पट्टी असेल तर ती

लिफ्ट अजून बसवली नसेल तर नशीबवान आहात. आजच कॅस्टर, पिनियनचा कोन (प्रॉपेलर शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो त्या तोंडाचा कोन) आणि चेसिसपासून दोन्ही टायरपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नंतर ‘मूळ किती होतं’ हा प्रश्न इतक्या वेळा पडतो की विचारू नका. आणि उंची वाढवणं नोंदणी, विमा आणि गाडीची तपासणी यांत बसतं का, तेही किट आणण्याआधीच बघून घ्या.

## १. टायर आणि चाकं

कंटाळवाणं काम आहे, पण पाच मिनिटांचं. दोन्ही पुढच्या टायरमधली हवा सारखी हवी. मोठे टायर बसवले असतील तर चाकं मशीनवर बॅलन्स करून घ्या आणि फिरवताना टायर वर-खाली उड्या मारतो का ते पाहा. टायरच गोल नसेल तर बॅलन्सने तो सुधारत नाही.

एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा (दिशा ठरलेले टायर नसतील तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा.

रिमचा ऑफसेटही (रिम चाकाला किती आत-बाहेर ठेवते ते) पाहा. चाकं बाहेर काढणारी रिम दिसायला झोकात, पण टायरच्या पट्ट्याचा मध्य स्टेअरिंगच्या आसापासून जितका लांब जातो तितका प्रत्येक खड्डा थेट हातात येतो. बेअरिंग आणि बॉल जॉइंटवरचा (नकल ज्यांवर वळतो ते सांधे) भारही वाढतो. हे कुठल्याही अलाइनमेंटने कमी होणार नाही.

## २. सैल काय आहे ते शोधा

सगळ्या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

गाडी चाकांवर उभी, जॅकवर नाही. हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना ओट, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू म्हणजे पॉवर स्टेअरिंगची ताकद मिळेल. एकजण स्टेअरिंग दोन्ही बाजूंना थोडं थोडं, भराभर हलवत राहील. घड्याळाच्या भाषेत दहापासून दोनपर्यंत, त्याहून जास्त नको. तुम्ही खाली एकेक सांधा पाहायचा. नजरेवर विश्वास नसेल तर सांध्यावर बोटं ठेवा, आधी जाणवतं ते बोटांना. हात कुठे चेपणार नाही याची काळजी मात्र घ्या.

क्रमाने बघा: स्टेअरिंग शाफ्टचा सांधा, स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, बॉक्सजवळ चेसिसला तडा, पिटमन आर्म, ड्रॅग लिंकची (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारी दांडी) दोन्ही टोकं, टाय रॉड एंड, पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं. पॅनहार्ड रॉडवर जरा जास्त वेळ घालवा. बोल्ट आणि भोक यांत जराही सरक दिसली तर तो दोष, ‘थोडं तर चालतंच’ असं नाही.

मग एकेक चाक जॅकवर घ्या. वर आणि खाली धरून हलवा: खेळ जाणवला तर बॉल जॉइंट, किंग पिन किंवा बेअरिंग. डावी-उजवी बाजू धरून हलवा: टाय रॉड एंड, कधी बेअरिंग. दोन्हीतलं कुठलं, हे ओळखायला मदतनीसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेकने खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर सांधा. टायरखाली पहार घालून उचलून पाहिलं की बॉल जॉइंटचा उभा खेळही कळतो.

इथे नवखे तीन ठिकाणी फसतात. लांबट झालेलं भोक बोल्ट आणखी आवळून भरत नाही. मी आवळून पाहिला, आठवड्यात पुन्हा सैल. ब्रॅकेट बदलावं लागतं किंवा नेमक्या भोकाची जाड चकती वेल्ड करून घ्यावी लागते. दुसरं, रबरी बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळू नका. गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर बसवून मगच शेवटचा टॉर्क द्या, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तिसरं, स्प्लिट पिनचं भोक जुळत नाही म्हणून नट मागे फिरवायचा नाही. भोक जुळेपर्यंत तो पुढेच आवळायचा.

स्टेअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो, तो फिरवला की स्टेअरिंगचा मोकळा खेळ कमी होतो. मोह होतो. पण आधी बाकी सगळे सांधे पक्के करा. हा स्क्रू जास्त आवळला तर बॉक्स मधोमध अडकतो, वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही आणि दात झिजतात.

## ३. ॲक्सल मध्यावर आणा

ज्यांच्या पुढे आडवा ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध) आणि कॉइल स्प्रिंग आहेत त्यांच्यासाठी. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत ॲक्सल पाटेच धरून ठेवतात, तिथे पॅनहार्ड रॉड बहुधा नसतो.

गाडी सपाट जागेवर उभी करून चेसिसच्या दोन्ही बाजूंना सारख्याच ठिकाणांहून ओळंबा सोडा. दोरीपासून टायरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. एका बाजूला १० मिमी जास्त आणि दुसरीकडे १० मिमी कमी असेल, तर ॲक्सल १० मिमी सरकलाय.

इलाज दोन: लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड, किंवा रॉडचं चेसिसकडचं ब्रॅकेट खाली आणणं. रॉड लांब केला की ॲक्सल मध्यावर येतो, पण रॉडचा उतार तसाच राहतो. ब्रॅकेटने उतारही कमी होतो, मात्र ते कमकुवत असेल तर थरथरीला आमंत्रण. लांबी बदलणाऱ्या रॉडमध्ये पुरेसे आटे आत राहिलेत का ते मोजा आणि चेक नट पक्का करा.

## ४. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर ठेवा

खड्ड्यात चाक वर गेलं की ॲक्सल पॅनहार्ड रॉडच्या कमानीने हलतो. ड्रॅग लिंकही स्वतःच्या कमानीने हलते. दोन्ही समांतर आणि जवळपास सारख्या लांबीच्या असतील तर दोन्ही कमानी जुळतात, चाकं सरळ राहतात. नसतील तर प्रत्येक खड्ड्यागणिक स्टेअरिंग तुम्ही न फिरवता फिरतं. याला बंप स्टेअर म्हणतात.

लिफ्ट किटमध्ये बऱ्याचदा खाली वाकलेला पिटमन आर्म येतो. त्याने ड्रॅग लिंकचा उतार कमी होतो. छान. पण पॅनहार्ड रॉडचा उतार तसाच ठेवला तर आधी समांतर असलेल्या दोन दांड्या आता समांतर राहत नाहीत, आणि बंप स्टेअर वाढतो. एक बदललं तर दुसरंही बदलायचं. कोनमापक दोन्हींवर ठेवून आकडे लिहून काढा, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका.

जुन्या पाट्यांच्या गाड्यांत ड्रॅग लिंक पुढे-मागे जाते. तिथे तुलना पॅनहार्डशी नाही, पाट्याच्या हालचालीशी. उंच केलेला स्टेअरिंग आर्म किंवा खाली वाकलेला पिटमन आर्म लावून लिंक शक्य तितकी आडवी आणायची.

पिटमन आर्म पुलरनेच काढा. हातोड्याचे घाव शाफ्टमधून थेट बॉक्सच्या आत जातात. टाय रॉड एंडसाठी दुतोंडी पाचर वापराल तर रबरी टोपी फाटणार हे धरून चाला. सांधा पुन्हा वापरायचा असेल तर पुलर बरा.

## ५. कॅस्टर परत मिळवा

गाडी सपाटीवर उभी करून नकलच्या मशीन केलेल्या सपाट भागावर कोनमापक ठेवा. लिफ्टच्या आधीचा आकडा असेल तर फरक लगेच कळतो. मोठे टायर असलेल्या आडव्या ॲक्सलच्या ट्रकला साधारण ४ ते ६ अंश कॅस्टर मानवतो, पण तुमच्या गाडीचं मॅन्युअल आणि किटची पत्रिका आधी. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. ज्या बाजूला कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. आडव्या ॲक्सलमध्ये दोन बाजूंत बराच फरक निघाला तर ॲक्सल वाकलेला असण्याची शक्यता मोठी.

रेडियस आर्मच्या गाडीत भोक मध्यापासून सरकवलेले बुश किंवा आर्म खाली आणणारी ब्रॅकेट वापरतात. माझा कौल ब्रॅकेटला. सरकवलेल्या बुशची मर्यादा लवकर येते, शिवाय ब्रॅकेटने आर्मचा मूळ कोन परत येऊन गाडीची चालही मऊ होते. वेगळ्या दांड्या असतील तर लांबी बदलता येणाऱ्या खालच्या दांड्या लांब करायच्या, म्हणजे ॲक्सलची खालची बाजू पुढे जाते.

पाट्यांच्या गाडीत ॲक्सल आणि पाट्यामध्ये कोनाच्या पाचरी बसवतात. इथे दिशा चुकते आणि कॅस्टर वाढण्याऐवजी आणखी घटतो. पाटा ॲक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) लावून उंची वाढवली असेल तर शॅकल कुठे आहे ते पाहा: पुढच्या पाट्याच्या मागच्या टोकाला असेल तर कॅस्टर वाढतो, पुढच्या टोकाला असेल तर घटतो. पुढच्या ॲक्सलवर उंची वाढवायला लाकडी-लोखंडी ठोकळे मात्र कधीच नाहीत. ब्रेक लागताना त्यांवर येणारा पीळ जीवघेणा ठरू शकतो.

फक्त मागची बाजू उचलली तरी पुढचा कॅस्टर कमी होतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्हीलबेस ३२०० मिमी असलेला ट्रक मागून ५० मिमी उचलला, तर सुमारे ०.९ अंश गेले.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. चारही चाकं चालणाऱ्या गाडीत कॅस्टर वाढवला की ॲक्सल फिरतो आणि पिनियनचं तोंड खाली जातं. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, मग वेगात गुंगगुंग आवाज आणि कंप. सहा अंशांच्या हट्टापायी शाफ्टचा सांधा खलास करण्यात अर्थ नाही. मी साडेचारवर थांबलो.

## ६. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर

पुढे आडवा ॲक्सल नसून दोन बाजूंना वेगळे आर्म असतील, तर पायरी ३ ते ५ ऐवजी हे करा. टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पीळ घेणारी दांडी) पिळून किंवा स्प्रिंगवर ठोकळा ठेवून उंची वाढवली की वरचा आर्म तिरका उतरतो, कॅस्टर आणि कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) दोन्ही हलतात, आणि टाय रॉडही आपल्या कमानीने फिरल्यामुळे टो (वरून पाहताना चाकांची तोंडं आत की बाहेर, ते पायरी ८ मध्ये) बराच बिघडतो. कॅम्बर कुठल्या दिशेला जाईल हे आर्मच्या लांबीवर आणि कोनावर ठरतं, म्हणून मोजल्याशिवाय बोलू नका.

खालच्या आर्मला दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) असतील तर: दोन्ही सारखे बाहेर नेले की चाकाची खालची बाजू बाहेर जाते, म्हणजे कॅम्बर ऋण होतो. खालचा बॉल जॉइंट पुढे नेला की कॅस्टर वाढतो. बऱ्याचदा दोन्ही एकदम साधत नाहीत, कॅम संपतात. तेव्हा कोन बदललेला वरचा आर्म घेण्याला पर्याय उरत नाही. तो लावल्यावर चाक पूर्ण लटकवून पाहा, आर्म स्प्रिंगला घासतो का.

टॉर्शन बारचा बोल्ट फिरवण्याआधी त्याचे दिसणारे आटे मोजून ठेवा. फिरवलेला प्रत्येक फेरा लिहा. ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचे कोन फार तीव्र झाले असतील तर रबरी टोप्या फाटून ग्रीस बाहेर पडतं. डिफरन्शियल खाली आणणारं किट असेल तर ते याच कारणासाठी असतं.

## ७. मागचा ॲक्सल

पुढे सगळं ठीक आणि तरीही स्टेअरिंग तिरकं असेल तर मागे जा. मागचा ॲक्सल चौकोनात नसेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि तिला सरळ ठेवायला स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. चेसिसवरच्या सारख्या दोन भोकांपासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. पाट्याचा सेंटर बोल्ट बैठकीच्या भोकात नीट बसलाय का तेही पाहा. यू बोल्ट एकदा काढले की नवेच लावा.

## ८. घरी टो बसवा, मग स्टेअरिंग मधोमध आणा

टो म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर यातला फरक. पुढे कमी असेल तर टो-इन.

गाडी जॅकवरून उतरवल्यावर काही मीटर पुढे-मागे करा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. चाकं सरळ ठेवा. दोन्ही टायरच्या बाहेरच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या नळ्या सारख्या उंचीवर, विटांवर टेकवून लावा. टायरवरची उंच अक्षरं टाळा. नळ्यांवर ८०० मिमी अंतरावर दोन खुणा करा आणि दोन टेपने पुढचं व मागचं अंतर मोजा. या ८०० मिमीवर २.८ मिमी फरक म्हणजे एकूण ०.२ अंश. मॅन्युअलमध्ये दुसरं काही नसेल तर ०.१ ते ०.२ अंश टो-इनवर ठेवून मशीनपर्यंत गाडी नेता येते.

टाय रॉडची बाही (दांडीची लांबी कमी-जास्त करणारी आट्यांची नळी) फिरवून टो बसवा. स्टेअरिंग तिरकं असेल तर त्यासाठी टाय रॉडला हात लावायचा नाही, ड्रॅग लिंकची बाही फिरवायची. ही कामं याच क्रमाने, कारण पॅनहार्ड रॉड हलवला की स्टेअरिंग पुन्हा तिरकं होतं. काही गाड्यांत ड्रॅग लिंक एका चाकाला आणि टाय रॉड ड्रॅग लिंकला जोडलेला असतो. तिथे एक फिरवलं की दुसरं हलतं, दोन-तीन वेळा पुढे-मागे करावं लागतं. बाहीचे क्लॅम्प घट्ट करताना ते कशाला अडणार नाहीत अशा कोनात ठेवा.

स्टेअरिंगचं चाकच काढून सरळ बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बॉक्सचा मध्य तसाच चुकलेला राहतो, चाकाखालची एअरबॅगची गुंडाळलेली वायर तुटू शकते, आणि स्थैर्य नियंत्रणाचा सेन्सर गाडी वळतेय असं समजतो. अलाइनमेंटनंतर तो सेन्सर शून्यावर आणावा लागतो, नाहीतर डॅशबोर्डवरचा दिवा जात नाही.

## ९. थरथर अजूनही राहिली तर

खड्डा किंवा सांधा लागला की पुढची चाकं वेड्यासारखी हलायला लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाहीत, त्याला डेथ वॉबल म्हणतात. आडव्या ॲक्सलच्या गाड्यांचं हे दुखणं. चालू असताना आलं तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंगशी झगडू नका, पण सोडूही नका, जोरात ब्रेक न दाबता वेग उतरू द्या आणि कडेला थांबा. त्यानंतर गाडी तशीच चालवायची नाही.

कारण बहुतेक वेळा पायरी १ किंवा २ मधलं असतं: बॅलन्स नसलेला टायर, सैल पॅनहार्ड, झिजलेला बॉल जॉइंट. डँपर हे लपवतो. तपासणी करताना डँपर काढून ठेवून पाहा. तो नसताना गाडी थरथरत असेल तर मूळ दोष जागेवरच आहे. चाचणी अगदी हळू वेगात आणि मोकळ्या जागेत, हे सांगायला नको.

## १०. मशीनवर जाताना

कारागिराला आधीच सांगा की गाडी लिफ्ट केलेली आहे, टायरचा आकार बदलला आहे आणि तुम्हाला कॅस्टर किती हवाय. मशीनमधली मापं मूळ गाडीची असतात. पडद्यावर सगळं हिरवं आलं म्हणजे तुमच्या ट्रकला ते पुरेसं आहेच असं नाही. आधीची आणि नंतरची दोन्ही मापं छापून घ्या. आडव्या ॲक्सलवर कॅम्बर सहसा बदलता येत नाही, त्यासाठी वेगळ्या कोनाची बॉल जॉइंटची बाही लागते. तो आकडा लाल दिसला तर कारण विचारा.

निघण्याआधी स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का, ब्रेकचे पाइप आणि सेन्सरच्या वायरी ताणतात का ते पाहा. चाक पूर्ण लटकवूनही हेच पाहा. फक्त बॉडी उचलली असेल तर स्टेअरिंग शाफ्टचा लांबवलेला सांधा अडकत नाही ना, हे स्टेअरिंग फिरवताना हाताला कळतं.

मग एक फेरी. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वळा आणि हात हलका करा. स्टेअरिंग स्वतःहून परत आलं तर कॅस्टर काम करतोय. आलं नाही तर कॅस्टर कमी आहे किंवा एखादा बॉल जॉइंट किंवा शाफ्टचा सांधा जाम आहे. १०० किमी झाल्यावर पॅनहार्ड, ड्रॅग लिंक, आर्म आणि यू बोल्ट, सगळे पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. पुढे महिन्याभराने टायरच्या पट्ट्यावरून आडवा तळहात फिरवून पाहा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो अजून चुकलेला आहे. बाहेरच्या कडा झिजल्या असतील तर टो-इन जास्त, आतल्या झिजल्या असतील तर टो-आउट.